मदत पोचेपर्यंत काय करायचे? आपत्कालीन कौशल्यांच्या प्रश्नाचा आढावा

पाली हे रत्नागिरी तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. हातखंब्याकडून आलेला रस्ता इथे फुटतो. एक लांजा-राजापूरकडे जातो, दुसरा नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूरला. गावात ग्रामीण रुग्णालय आहे आणि जिल्हा रुग्णालय रत्नागिरीत, वीसेक किलोमीटरवर. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे अंतर फारसे वाटत नाही. पण पाखाडी उतरून, पऱ्या ओलांडून आत गेलेल्या वाडीत श्रावणातल्या रात्री कुणाला साप चावला, तर नाक्यापर्यंत येण्यातच पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात घरच्यांनी काय करायचे, हा या लेखाचा विषय आहे.

पालीच्या आसपास धोक्यांची कमतरता नाही. कातळसड्यावर फुरसे, गडग्यात विंचू, महामार्गावर अवजड वाहने, पावसाळ्यात पऱ्यांना येणारे लोंढे, उतारावरची घरे, आश्विनात कडाडणारी वीज, आणि पूर्वेला सह्याद्री. अशा ठिकाणी सामान्य माणसाजवळ कोणते कौशल्य असावे, यावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बरेच मतभेद झाले आणि बरेच मिटलेही. काही अजून तसेच आहेत.

आधीचे शहाणपण

कोकणातल्या वाडीला संकटाचे स्वतःचे शास्त्र होते. पोरे विहिरीत सुका भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकत. आजाऱ्याला डोलीतून नेण्याची रीत होती आणि चार खांदे लगेच मिळत. रानात चुकलेल्याला कुकारा घालून शोधत. कोणत्या पऱ्याला किती पाऊस पडल्यावर उतरायचे नाही, हे म्हातारी माणसे सांगत. त्याच शास्त्रात साप चावल्यावर करकचून दोरी बांधणे, जखम चिरणे, झाडपाला लावणे आणि देवरश्याकडे नेणे हेही होते. उपयोगी आणि घातक अशा दोन्ही गोष्टी एकाच परंपरेने हाती दिल्या, त्यामुळे परंपरेविषयी सरसकट बोलणे अवघड होते.

विसाव्या शतकात तिच्या शेजारी दुसरा प्रवाह आला: सेंट जॉन अॅम्ब्युलन्स, रेड क्रॉस, स्काउट-गाइड, एन.सी.सी. एस.टी.च्या वाहकाला परवान्यासाठी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागू लागले. पुढे गिर्यारोहण मंडळे आली. दूरचित्रवाणीने तिसरेच चित्र रुजवले: एकटा पुरुष, अरण्य, काड्या घासून पेटवलेला विस्तव. आज शहरातल्या तरुणाला संकटात तग धरण्याचे कौशल्य म्हटले की बहुधा हेच आठवते. कोकणात माणसे ज्या कारणांनी मरतात, त्यांच्याशी या चित्राचा संबंध थोडा आहे.

साप आणि विंचू

सगळ्यांत जास्त वाद इथे झाला आणि सगळ्यांत जास्त प्रगतीही इथेच झाली, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे.

रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी जुन्या काळापासून कुप्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने फुरसे मारणाऱ्याला बक्षीस लावले. लाखांनी फुरशी मारली गेली, पण संपली नाहीत. फुरशाचा दंश बहुधा हातापायाला होतो, आणि तो लगेच मारत नाही. विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते, आणि हे काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही होऊ शकते. मांत्रिकाची पत टिकण्याचे एक कारण याच्यातच आहे. अनेक दंश बिनविषारी सापाचे असतात, विषारी सापही पुष्कळदा विष न सोडता चावतो, आणि फुरशाचा रोगी पहिल्या रात्री बरा दिसतो. त्या रात्रीचे श्रेय मंत्राला मिळते.

मण्यारीचे याच्या उलट. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश बहुधा दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. पोट बिघडले म्हणून घरात ओवा-सोडा देत बसलेल्या कुटुंबाने गमावलेला तास परत मिळत नाही. जमिनीवर झोपणाऱ्याने गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा इथला सगळ्यांत स्वस्त बचाव आहे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. त्यांतली बहुतेक खेड्यातली, आणि पुष्कळशी रुग्णालयात न पोचताच गेलेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला.

प्रथमोपचारापुरते बोलायचे तर चिरणे, चोखणे, बर्फ लावणे, सर्पदगड, करकचून बांधणे या सगळ्यांवर वैद्यकीय एकमत झाले आहे: यांतले काहीही करू नये. फुरसे आणि घोणस यांच्या दंशात बांधलेल्या दोरीखाली विष साठून मांस कुजते आणि दोरी एकदम सोडली की नवा धोका उभा राहतो. दंश झालेला अवयव हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, रोग्याला चालवायचे नाही, आणि निघायचे. साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवायचा नाही, कारण देशात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रित चालते.

वाद उरला आहे तो दाबपट्टीचा. ऑस्ट्रेलियात स्ट्रुआन सदरलँड यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली: पूर्ण अवयवावर मध्यम दाबाची रुंद पट्टी गुंडाळायची आणि खपाटी बांधायची. तिथले साप मुख्यतः मज्जासंस्थेवर मारा करणारे, त्यामुळे तिथे तिचा उपयोग झाला. आपल्याकडे कोणता साप चावला हे बहुधा ठाऊक नसते, पट्टीचा दाब नेमका ठेवणे प्रशिक्षित माणसालाही जमत नाही, आणि फुरशाच्या दंशात ती अपाय करू शकते. उलट मण्यार चावली असेल आणि रुग्णालय दोन तासांवर असेल, तर हीच पट्टी जीव वाचवील असे मानणारेही आहेत. रत्नागिरीसारख्या फुरसेबहुल जिल्ह्यात सामान्य माणसाने पट्टीच्या फंदात पडू नये, ही भूमिका मला अधिक पटते. डोंगरात तासन्तास अडकणाऱ्या प्रशिक्षित पथकाबाबत मात्र प्रश्न खुला ठेवला पाहिजे.

दुसरा उरलेला प्रश्न प्रतिविषाचा. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूत, चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवून दिले आहे. कोकणातल्या फुरशावर दक्षिणेकडच्या विषापासून बनवलेले औषध किती चालते, आणि चापड्यासारख्या सापांचे काय, ज्यांच्यासाठी ते बनवलेलेच नाही? प्रादेशिक प्रतिविषाची मागणी यातून पुढे आली आहे.

विंचवाची कथा अधिक समाधान देणारी आहे, आणि ती कोकणात घडली. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणारी माणसे, विशेषतः मुले पाहिली. हृदयावर पडणारा ताण आणि फुप्फुसात साठणारे पाणी हे मृत्यूचे कारण आहे, हे त्यांनी ओळखले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरले. १९८६ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुढे विंचवाचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर दोन्ही एकत्र दिली तर रोगी लवकर सावरतो, असे त्यांच्याच २०११ च्या चाचणीने दाखवले. आपल्या उपचारात आपणच भर घालणारा हा डॉक्टर आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर घाम, थंड पडणारे हातपाय, उलट्या दिसल्या तर थांबू नये, एवढे कळले तरी घरच्यांचे काम झाले.

महामार्ग

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. पालीसारख्या गावाला याचा अर्थ आकड्यांवाचून कळतो. महामार्गावरचा टपरीवाला, रिक्षावाला, पेट्रोल पंपावरचा मुलगा अपघातग्रस्त माणसापर्यंत सर्वांत आधी पोचतो.

पूर्वी अडथळा भीतीचा होता: उचलले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्ती नाही. राज्यात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. नाणीजच्या संस्थानाच्या मोफत रुग्णवाहिकाही महामार्गावर धावतात. कायदा बदलल्याचे किती जणांना ठाऊक आहे, हा वेगळा प्रश्न.

वैद्यकीय वाद मात्र आहे. जखमीला हलवू नका, मणक्याला इजा होईल, असे पूर्वी ठामपणे शिकवत. आता म्हणतात, गाडीला आग, पाणी वा दुसऱ्या वाहनाचा धोका असेल तर हलवाच; नसेल तर मान स्थिर धरून थांबा. पहिल्या तासाला ‘सुवर्णतास’ म्हणतात, पण साठ मिनिटांच्या सीमारेषेला भक्कम पुरावा नाही, असे संशोधक सांगतात. श्वासमार्ग बंद झालेल्याला चार मिनिटेही फार आणि बरगडी मोडलेल्याला दोन तासही चालतील.

आणि इथे दोरीचा प्रश्न पुन्हा येतो. सर्पदंशात जी बांधू नये असे सांगितले, तीच हात किंवा पाय तुटून रक्त उसळत असेल तर बांधावी, असे आता सांगतात. प्रथमोपचाराच्या पुस्तकांतून आवळपट्टी अनेक वर्षे जवळजवळ हद्दपार होती. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांतल्या अनुभवाने ती परत आली. आधी जखमेवर थेट, पूर्ण ताकदीने दाब. तरीही रक्त थांबले नाही तर जखमेच्या वर रुंद पट्टी, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवणे. एका धोक्याचा उपचार दुसऱ्या धोक्यात घातक ठरतो. ‘प्रथमोपचाराचे दहा नियम’ छापाच्या तक्त्यांना माझी हरकत आहे ती या कारणाने.

पालीकरांनी आणखी एक गोष्ट शिकायला हवी, ती कुठल्याच जुन्या तक्त्यात नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ आंजणारीच्या पुलावरून स्वयंपाकाच्या वायूचा टँकर काजळी नदीत कोसळला. चालक गेला आणि महामार्ग दीर्घ काळ बंद राहिला. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत साठतो, दिसत नाही. टँकरच्या पाटीवर १०७५ हा आकडा असला तर तो हाच वायू. वाऱ्याच्या उलट्या दिशेला, उंचावर, दूर जायचे. गाडी चालू करायची नाही, मोबाइल काढून चित्रीकरण करायचे नाही. अपघात पाहायला जमणारी गर्दी हाच अशा वेळी मोठा धोका असतो.

पाणी, वीज, दरड

आधी पाणी. हृदय थांबलेल्यासाठी भारतात आता छातीवर फक्त दाब देण्याची सोपी पद्धत शिकवतात: तोंडाने श्वास न देता मिनिटाला १०० ते १२० दाब. लोक संकोचतात, म्हणून तोंडाचा श्वास वगळला, आणि हा निर्णय रस्त्यावर कोसळलेल्या प्रौढासाठी योग्य आहे. बुडालेल्याचे हृदय मात्र प्राणवायूअभावी थांबते, त्याला श्वास लागतोच. गणपतीपुळे, आरे-वारेच्या किनाऱ्याच्या जिल्ह्यात फक्त अर्धी पद्धत शिकवणे पुरेसे नाही, असे मला वाटते. पोटावर दाब देऊन किंवा उलटे धरून पाणी काढण्याची जुनी रीत तर सोडूनच द्यायला हवी.

वाचवायला उडी घेणारा स्वतः बुडतो, हे दर उन्हाळ्यात घडते. दोरी, ओंडका, रिकामा हवाबंद कॅन फेकणे हेच खरे कौशल्य. पोहणे शिकवल्याने मुले धाडसी होऊन जास्त बुडतात का, अशी शंका पालक घेतात. बांगलादेशातले लहान मुलांना सुरक्षित पोहणे शिकवण्याचे काम पाहता ती शंका टिकत नाही. मात्र विहिरीत पोहणारा समुद्राच्या ओढीत निष्प्रभ ठरतो. ओढीच्या विरुद्ध झुंजू नये, किनाऱ्याला समांतर सरकावे, हे वेगळे शिकावे लागते.

विजेबाबत सल्ला बदलला आहे. उघड्यावर उकिडवे बसावे असे अनेक वर्षे सांगत. अमेरिकेच्या हवामान खात्याने तो सल्ला सोडला, कारण त्याने खोटा दिलासा मिळतो आणि माणूस पक्क्या घराकडे पळायचे थांबतो. आपल्याकडे अजून दोन्ही सांगितले जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आहे, पण सड्यावर गवत कापणाऱ्या बाईच्या हातात फोन असतो का, आणि तिथे रेंज मिळते का, हा प्रश्न उरतोच.

दरडीचा मुद्दा सगळ्यांत कठीण. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये १५१ माणसे गाडली गेली. गाव नाहीसे झाल्याचे एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले. २२ जुलै २०२१ ला तळिये, त्याच दिवशी चिपळूणला वाशिष्ठीचा पूर. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. तळियेत रस्ते तुटल्याने पथके दुसऱ्या दिवशी पोचली, इर्शाळवाडीला चढून जावे लागले. इथे दोन भूमिका स्पष्ट समोरासमोर आहेत. एक म्हणते, लोकांना खुणा शिकवा: जमिनीला नव्या भेगा, तिरके झालेले खांब आणि झाडे, झऱ्याचे एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, खुणा दिसल्या की रात्रीची वाट न पाहता घर सोडा. दुसरी म्हणते, हा भार गरिबावर टाकणे अन्याय आहे. जागा धोक्याची आहे हे शासनाला ठाऊक असेल तर पुनर्वसन करावे. २ जुलै २०१९ ला फुटलेल्या तिवरे धरणाच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. तिथे कौशल्य कुणात कमी होते? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला तेव्हा जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या गाड्यांतल्या प्रवाशांना कोणतेही कौशल्य वाचवू शकले नसते. पूल पडल्याचे पाहून मागची वाहने थांबवणाऱ्या स्थानिकाने मात्र आणखी जीव वाचवले. दोन्ही भूमिका खऱ्या आहेत. पहिलीचा उपयोग दुसरी टाळण्यासाठी होऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागते.

सह्याद्री

२८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. ३० जण गेले. वाचलेला एकटा वर चढून आला आणि त्याने कळवले. दरीत उतरून मृतदेह काढणारे बहुतांशी स्वयंसेवी गिर्यारोहक होते. महाराष्ट्रात डोंगरातला बचाव अशा मंडळांवर उभा आहे: लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स, रत्नागिरीत रत्नदुर्ग माउंटेनिअर्स. त्यांना विमा, साधने आणि कामावरून सुटी कोण देणार, हे अजून नीट ठरलेले नाही.

साहसी उपक्रमांसाठी शासनाने २०१८ मध्ये निर्णय काढला, त्यावर गिर्यारोहकांनी हरकती घेतल्या, आणि २०२१ मध्ये पर्यटन विभागाचे धोरण आले. नोंदणी व प्रमाणपत्रामुळे धंदेवाईक आयोजकांना चाप बसेल, असे एक मत; निरपेक्ष चालणाऱ्या लहान मंडळांचा गळा आवळला जाईल, हे दुसरे. सह्याद्रीत माणूस मरतो तो उन्हाने, धुक्यात चुकून, निसरड्या कड्यावरून, धबधब्याच्या लोंढ्यात, आणि आग्या मोहोळाच्या हल्ल्यात. पाणी जास्त घ्यावे, सुगंधी तेल लावू नये, मोहोळाजवळ धूर-आवाज करू नये, वाट चुकली तर आहे तिथे थांबावे, कुठे जातोय ते घरी सांगून निघावे. उष्माघाताच्या रोग्याला आधी पाण्याने गार करावे आणि मग हलवावे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न स्मरणाचा. छातीवर दाब देण्याचे कौशल्य सरावाविना काही महिन्यांत ओसरते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत २०१६ पासून स्वयंसेवक तयार झाले. एकदाच्या प्रशिक्षणाने तयारी किती टिकते आणि उजळणी कुणी घ्यायची?

दुसरा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. सगळी प्रशिक्षणे धट्टाकट्टा तरुण गृहीत धरतात. पालीच्या आतल्या वाड्यांतले तरुण मुंबईत, पुण्यात आहेत. घरी सत्तरीचे आईवडील, सुना आणि मुले. डोलीला चार खांदे आज मिळत नाहीत. मग साठीच्या बाईला जमेल असे कौशल्य कोणते? फोनवर जागा नेमकी सांगणे, रोग्याला कुशीवर वळवणे, जखम दाबून धरणे, खुर्चीला दोन बांबू बांधून दोघांत उचलणे, वाडीतल्या रिक्षावाल्याचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवणे. या अंगाने अभ्यासक्रम कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि कोकणाला तो सर्वांत आधी हवा.

म्हणून चाकरमान्यांना एक विनंती. गणपतीला गावी याल तेव्हा एक दुपार वाडीच्या सभामंडपात द्या. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला किंवा एखाद्या गिर्यारोहण मंडळाला बोलवा, आणि आईवडिलांना समोर बसवून त्यांच्या हातून सराव करून घ्या. प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, ते त्याच दिवशी विचारून घ्या. पुढच्या वर्षी शिमग्याला उजळणी करा.